चार बोटं उजेड

महामायाताई किल्ली घेऊन आली तेव्हा अन्नपूर्णा अंगणात कुरडया वाळत घालत होती. एप्रिल सरत आला होता आणि डोणगावात ऊन असं तापलं होतं, की सकाळी घातलेली कुरडई दुपारी कुडकुड वाजावी. ताईच्या आईचं अकोल्याला खुब्याचं ऑपरेशन होतं. नवरा धम्मरत्न पुढे गेला होता, ती आता निघाली होती. यात भिण्यासारखं काय आहे? काहीच नाही. शेजारीण गावाला जाते, किल्ली ठेवून जाते, आपण तिच्या झाडांना पाणी घालतो. जगात याहून साधं काम नसेल.

दोघींची घरं जुळी. झुंबरबाईने मेहकरच्या रस्त्याला लागून भाड्यासाठी बांधलेली, मधे एकच भिंत. इकडे कुकरची शिट्टी झाली की तिकडे कळायचं, तिकडे कोणी खोकललं की इकडे.

“बाहेरच्या कुंड्यांले बादलीभर पानी टाकजो,” ताई म्हणाली. “अन् आतल्या खोलीतल्या झाडाले पेलाभर. तिथली खिडकी चार बोटं उघडी हाय. तेवढीच राहू देजो.”

“तेवढ्यानं काय होते ताई? रबराच्या झाडाले उजेड लागते.”

“चार बोटं.” ताईने तिचा हात धरला आणि बोटांना बोटं लावून दाखवलं. पकड जरा जास्तच घट्ट होती. “जास्त उजेड त्याले सोसत नाही. अन् विशूले… विशूले संग आनू नोको माय.”

एवढं बोलून ती ऑटोत बसून निघून गेली. लेकीचं नाव असं निघालं ते अन्नपूर्णाच्या मनाला लागलं, पण तिने ते गिळलं. कारण तिला सगळं ठाऊक होतं.

ताईची मयुरी दोन वर्षांमागे पावसाळ्यात तापाने गेली. एकुलती एक. ती आणि अन्नपूर्णाची विशाखा, म्हणजे विशू, एका वर्गातल्या. दिवसभर दोघींचे टाळ्यांचे खेळ चालायचे. मयुरी डावखुरी होती. खोबरेल तेलाने चप्प बसवलेल्या दोन घट्ट वेण्या आणि त्यांना लाल रिबिनी, हे तिचं कायमचं रूप. ती गेली तेव्हा अस्थी नदीत सोडायच्या नाहीत, झाडाच्या बुडाशी घालायच्या, असं ठरलं. बौद्ध घरांतून हल्ली बरेच जण असं करतात. अन्नपूर्णाच्या सासऱ्यांच्या अस्थीही बांधावरच्या कडुलिंबाखाली आहेत. पण ताईला ना वावर ना बांध. नवऱ्याची नोकरी बँकेतली, बदलीची. “झाड जमिनीत लावलं तं लेकरू माघं ठेवून जाऊ काय?” असं तिने विचारलं. मग मयुरीला शाळेत मिळालेलं रबराचं रोप होतं, त्याच्या कुंडीतल्या मातीत त्या माउलीने आपल्या हाताने राख मिसळली. वंदना झाली, सगळे रडले, अन्नपूर्णाही रडली.

तेव्हा आपल्या लेकीच्या जागी दुसऱ्याची लेक हिंडताना ताईला पाहवत नसणार, म्हणून ती विशूला नको म्हणते, अशी अन्नपूर्णाने समजूत करून घेतली. समजूत चांगल्या मनाची होती. पण चांगल्या मनाने केलेली चूकही चूकच असते.

पहिल्या दिवशी ती आतल्या खोलीत गेली तेव्हा डोळ्यांना काही दिसेचना. बाहेरच्या पांढऱ्या उन्हातून आलेल्याला तो अंधार दाटच वाटणार. हळूहळू खाट दिसली, घडी घातलेली गोधडी दिसली, आणि पश्चिमेच्या खिडकीखाली ती कुंडी. झाड कसलं, काडी होती! उंच, बारीक, खिडकीच्या फटीकडे मान ताणलेली. टोकाला चार पानं, तीही पिवळी. मरत नव्हतं, पण त्याला जगणं म्हणायला जीभ धजेना.

आता अन्नपूर्णा होती सोनाळ्याची. तिच्या वडलांची संत्र्याच्या कलमांची नर्सरी. चालायला लागायच्या आधी तिने मातीत हात घातले होते. तिने वाळकी काडी खोचली तरी फुटते, असं गल्ली म्हणायची, आणि सगळ्यांत जास्त ताईच म्हणायची. “तुह्या हाताले गुन हाय व,” असं ती येताजाता बोलायची. असल्या बाईपुढे पिवळं झाड ठेवायचं आणि हात लावू नको म्हणायचं, हे मांजरापुढे दूध ठेवण्यातलंच झालं. दोन-तीन दिवस तिने दम धरला. मग तिचे हात शिवशिवायला लागले. शोकात माणसाला भान राहत नाही, ताई बिचारी झाडाला अंधारात कोंडून मारते आहे, असं तिने स्वतःला सांगितलं आणि खिडकीची झडप वीतभर उघडली.

झाडाने पाहता पाहता मान सरळ केली. आठवड्याभरात शेंड्याला तांबडा कोंब आला. अन्नपूर्णाला असा आनंद झाला, जसा नातवाला दात आल्यावर आजीला होतो. त्याच दिवशी ताईचा फोन आला.

“कसं हाय झाड?”

“मस्त हाय ताई! कोंब आला.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“ताई?… रडून राह्यल्या काय?”

“नाही व.” आवाज घोगरा होता. “कोंब आला म्हनतं?… बरं. बरं झालं. सावली… सावली तं नाही ना पडत भिंतीवर?”

“झाडाची? पडत असन. काऊन?”

“काही नाही,” ताई म्हणाली आणि फोन ठेवला. खिडकी लाव, असं काही ती म्हणाली नाही. ही गोष्ट अन्नपूर्णाला पुढे फार आठवली.

आता सावलीचं नाव निघाल्यावर डोळा तिकडे जाणारच. दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम ऊन कलल्यावर गेली. खिडकीतून तिरपं ऊन थेट समोरच्या भिंतीवर, म्हणजे दोन्ही घरांमधल्या सामायिक भिंतीवर पडलं होतं. तिथे एक काळपट डाग होता, बसका. काडीएवढ्या झाडाची सावली अशी बसकी कशी? झडप आड येत असेल, म्हणून तिने ती सगळी उघडली.

खोलीत खोबरेल तेलाचा वास सुटला. उन्हात बसून केस वाळवणाऱ्या पोरीच्या डोक्याला येतो, तो.

भिंतीवर एक मुलगी बसलेली होती. गुडघे पोटाशी घेतलेले, हात गुडघ्यांभोवती, मान खाली, आणि दोन्ही खांद्यांवरून लोंबणाऱ्या दोन वेण्या. रिबिनीच्या गाठी सुटी फुलपाखरं बसल्यासारख्या स्पष्ट दिसत होत्या. अन्नपूर्णाने झाडाकडे पाहिलं. झाड झाडासारखंच होतं, चार पानं आणि कोंब. तिने कुंडी जरा फिरवली. सावली फिरली नाही. तिने फक्त मान वर केली.

अन्नपूर्णा दाराला कुलूप घालून घरी कशी आली, ते तिचं तिला कळलं नाही. अंगणात विशू खेळत होती, तिने विचारलं, “आई, काय झालं व?” “उंदीर होता,” अन्नपूर्णा म्हणाली. नवरा प्रसेनजित संध्याकाळी मेहकरहून कामावरून आला, त्याला सांगावं असं दहादा तिच्या ओठांवर आलं. पण सांगणार कोणत्या तोंडाने? भुताखेताची भाषा या घरात करायची नाही, हा नियम तिचाच. चौकात कोणी लिंबू-मिरची उतरवून टाकली की ती लेकीला दाखवून ओलांडायची. ती रात्र तिने कूस बदलत काढली.

सकाळी ती मन घट्ट करून गेली. पश्चिमेची खिडकी, सकाळी तिच्यात ऊन नसतं. भिंत साधी भिंत होती. झाडाचा कोंब मात्र उलगडला होता, आणि आत दोन कोवळी पानं लकाकत होती. आपलीच तिला लाज वाटली. उन्हाने डोकं फिरलं असेल, दुसरं काय? झडप लावायला तिने हात पुढे केला खरा, पण त्या नव्या पानांना पुन्हा अंधारात कोंडायचं तिच्या जिवावर आलं. तिने खिडकी तशीच ठेवली.

त्याच दुपारी अन्नपूर्णा जेवून जरा लवंडली. रात्रीची जाग, वर कूलरची घरघर. झोप लागली ती ऊन कलेपर्यंत. जाग आली ती टाळ्यांच्या आवाजाने.

पट्… पट्-पट्… पट्. भिंतीपलीकडून. पोरी समोरासमोर बसून तळव्यावर तळवा मारतात, तो खेळ. मधेच विशूचं हसू. तिने उशाजवळ हात फिरवला, विशू नव्हती. खिळ्याकडे पाहिलं, किल्ली नव्हती.

ती अनवाणी धावली. तापल्या फरशीने पाय पोळले तेही तिला जाणवलं नाही.

आतल्या खोलीत खिडकीतून ऊन ओतत होतं. विशू भिंतीकडे तोंड करून मांडी घालून बसली होती आणि भिंतीवर टाळ्या देत होती. या सुट्टीत उवा झाल्या म्हणून तिचे केस न्हाव्याकडून पार बारीक कापून आणले होते. वेण्या गेल्या म्हणून पोरगी दोन दिवस रडली होती. ते कापलेलं डोकं उन्हात खुरटं दिसत होतं. तिच्यासमोर, भिंतीवर, वेण्यांची ती पोर बसली होती. तळव्याला तळवा लागत होता. आवाज दोघींच्या हातांचा येत होता.

“विशू!”

“थांब न आई,” विशू मागे न पाहता म्हणाली. “मयुरी म्हनते, ते लय दिवसाची बसून हाय. म्हनते आता तुही बारी.”

“ऊठ… ऊठ तिथून!”

“मी तिले ‘हाव’ म्हटलं,” विशू म्हणाली आणि शेवटची टाळी दिली.

अन्नपूर्णाने तिला बखोटीला धरून ओढलं, दुसऱ्या हाताने झडप अशी आदळली की बिजागरी निखळली. खोली अंधारली. ती लेकीला घेऊन अंगणात आली आणि धापा टाकत थांबली. विशू शांत होती. हात गार होता. अन्नपूर्णाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, कापलेले केस तळव्याला टोचले. मग तिचं लक्ष जमिनीकडे गेलं.

संध्याकाळचं लांब ऊन होतं. अंगणात दोघींच्या सावल्या पडल्या होत्या. एक तिची. दुसरीला दोन वेण्या होत्या.

त्या दिवसापासून लेक डोळ्यांसमोर होती, आणि लेक नव्हती. ती डाव्या हाताने जेवायला लागली. “विशू” म्हणून हाक मारली तर दोन-तीनदा मारल्याशिवाय वळायची नाही. आईच्या कुशीत झोपणारी पोर भिंतीला लागून झोपायची, त्या भिंतीला. प्रसेनजित तिला मेहकरला डॉक्टरकडे घेऊन गेला. अशक्तपणा आहे, ऊन लागलं असेल, असं म्हणून डॉक्टरने गोळ्या दिल्या. तोही अंगणात लेकीशेजारी उभा राहायचा, पण आपल्या पोरीची सावली कशी आहे, हे कोणता बाप पाहतो? अन्नपूर्णाने त्याला एकदा दाखवलं. त्याने पाहिलं, आणि तेव्हापासून तो घरी उशिरा यायला लागला.

ताईला कोणी कळवलं नव्हतं. तरी ती आठवड्याभरात आली. सकाळची वेळ होती. ऑटोतून उतरली ती आपल्या दाराकडे गेलीच नाही. विशू अंगणात उभी होती, तिच्याजवळ येऊन खाली बसली. पोरीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. पिशवीतून फणी काढली, तेलाची बाटली काढली, आणि जमिनीवर पडलेल्या सावलीच्या केसांवरून ती फणी फिरवायला लागली. हलक्या हाताने, गुंता ओढला जाऊ नये अशी. तेलाचे थेंब मातीत जिरत होते. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडावर हसू होतं. विशू डोळे मिटून उभी होती, कोणी खरंच केस विंचरत असल्यासारखी मान मागे टाकून.

“ताई,” अन्नपूर्णा तिच्या पायांशी कोसळली. “माही लेक कुठं हाय?”

“दोन वर्सं मी तिले तेवढ्यावरच ठेवली व,” ताई फणी न थांबवता म्हणाली. “जगन, पन उठनार नाही, इतक्याच उजेडावर. उठली तं तिच्या जागी कोनाले तरी बसा लागते. दुसऱ्याचं लेकरू कसं बसवू?… मले नाही झालं. माह्या हातून नाही झालं ते.”

“म्हून किल्ली मले देल्ली?”

ताईने फणीला आणखी तेल लावलं. गल्लीत इतकी घरं असताना किल्ली आपल्याच हातात का पडली, पिवळं झाड न पाहवणारी बाई तिने का निवडली, हे अन्नपूर्णाला त्या फणीकडे पाहता पाहता सगळं कळलं. तिला ताईचा गळा धरावासा वाटला. पण ती मातीतच बसून राहिली.

थोड्या वेळाने ताई आत गेली आणि कुंडी उचलून घेऊन आली. झाड आता हिरवंगार होतं.

“ने,” ती म्हणाली. “आता हे तुह्यं हाय.”

अन्नपूर्णाने कुंडी आपल्या आतल्या खोलीत ठेवली. तिच्या घराची खिडकी पूर्वेची, सकाळचं ऊन त्याच मधल्या भिंतीवर पडतं, फक्त अलीकडच्या बाजूने. तिने झडप सगळी उघडली. भिंतीवर मुलगी बसलेली दिसली. गुडघे पोटाशी, मान खाली, डोकं बारीक कापलेलं. तिने मान वर केली आणि तळवा भिंतीला लावला. अन्नपूर्णाने आपला तळवा त्यावर ठेवला. भिंत ताप भरलेल्या कपाळासारखी लागली. ती तिथे ऊन सरेपर्यंत बसली. दुसऱ्या दिवशी मात्र तिने झडप ओढून घेतली, बोटांना बोटं लावून फट मोजली, चार, आणि पेलाभर पाणी घातलं. उजेड बंद केला तर झाड मरेल. जास्त दिला तर पोर उठेल, आणि तिच्या जागी कोणाला तरी बसावं लागेल. ताईचा हिशेब तिला आता पाठ झाला होता.

मे गेला. जून सरत आला. झाड पिवळं पडायला लागलं. सोनाळ्याच्या नर्सरीवाल्याची लेक रोज त्या पानांकडे पाहायची आणि हात पदरात घट्ट गुंडाळून घ्यायची.

शाळा सुरू झाली त्या दिवशी सकाळी दारात मधुवंती आली. घरमालकीण झुंबरबाईची नात, विशूच्या वर्गातली. पाठीवर नवं दप्तर.

“काकू, विशू कुठं हाय? शाळेत चालते काय म्हनून आली.”

विशू शेजारी ताईकडे होती. रोज सकाळी ती तिकडेच असायची, तिथे तिच्या सावलीची वेणीफणी व्हायची.

“येईन एवढ्यात,” अन्नपूर्णा म्हणाली. ती आतल्या खोलीच्या दाराशी उभी होती. बाहेर उभी राहा माय, आत येऊ नोको, पळ घरी. हे सगळं तिला म्हणायचं होतं. तिने दाराची चौकट धरून ठेवली.

“मंग मी बसू काय आतमंधी?”

खोलीत ऊन भरलं होतं. खिडकी सताड उघडी होती. सकाळी फट चार बोटांचीच होती, तिने स्वतः मोजली होती. त्यानंतर झडपेला हात लावल्याचं तिला काही केल्या आठवेना.

मागे भिंतीवर कोणीतरी हलकेच टाळी दिली. पट्.

“कोन हाय आत?” मधुवंतीने विचारलं आणि हसून मान वाकडी करून पाहिलं.

अन्नपूर्णाने त्या पोरीच्या तोंडाकडे पाहिलं, नव्या दप्तराकडे पाहिलं. मग ती दारातून बाजूला झाली.